धावपट्टीवरचे दिवे आणि जेआरडी

मंडळी, आपल्या येनाला विमानतळ नाही. शहराच्या पूर्वेला शोंगलाइना गावाजवळ एक छोटंसं मैदान आहे. तिथून हौशी लोकांची लहान विमानं उडतात, बस्स. भारतात जायचं म्हटलं की एअरफुर्टवरून गाडी पकडून फ्रँकफुर्ट गाठायचं, हे आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. तिकीट काढताना आपण भाव बघतो, बॅग किती किलोची चालेल ते बघतो, मधला थांबा किती तासांचा आहे ते बघतो. रात्री नऊ-दहा किलोमीटर उंचीवर, काळ्याकुट्ट अंधारात आपल्या विमानाला वाट कोण दाखवतं, समोरून येणाऱ्या विमानाला बाजूला कोण ठेवतं, हा प्रश्न मात्र आपल्याला सहसा पडत नाही. पडू नये अशीच व्यवस्था असते म्हणा.

ह्या व्यवस्थेचा एक धागा आपल्या येनातून गेलेला आहे. १९२५ च्या सुमारास येना विद्यापीठात आब्राहाम एझाऊ नावाचे प्राध्यापक काही मीटर लांबीच्या अगदी आखूड रेडिओलहरींवर प्रयोग करत होते. (हेच गृहस्थ पुढे नाझी राजवटीत मोठमोठ्या पदांवर जाऊन बसले, तेही सांगून टाकलेलं बरं.) आज वैमानिक आणि जमिनीवरचा नियंत्रक एकमेकांशी बोलतात ते मुख्यतः ह्याच जातीच्या लहरींवर, ज्यांना व्हीएचएफ म्हणतात. आवाज स्वच्छ येतो, खरखर कमी. फक्त लहर सरळ रेषेत जाते, त्यामुळे मध्ये डोंगर आला की संपलं.

येनात हे प्रयोग झाल्यानंतर सातेक वर्षांनी एक अठ्ठावीस वर्षांचा तरुण कराचीहून मुंबईकडे निघाला, तेव्हा त्याच्या विमानात रेडिओ नव्हताच. खाली वाट दाखवणारं कुणी नव्हतं. बरोबर होता एक गॉगल, एक स्लाइड रूल आणि २५ किलो टपाल. तारीख १५ ऑक्टोबर १९३२. तरुणाचं नाव जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा, म्हणजे आपले जेआरडी.

जेआरडींविषयी आपल्याकडे एवढं लिहिलं गेलंय की आणखी काय सांगायचं, असं कुणालाही वाटेल. महाराजा, एअर इंडियाच्या हवाई सुंदऱ्या, भारतरत्न, हे सगळं ठाऊक असतं. पण त्यांचं आयुष्य वाचत गेलं की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. विमानाचं वेड असलेल्या ह्या माणसाचे सरकारशी जे मोठे वाद झाले, ते विमानावरून कमी आणि आधी काय, नंतर काय ह्यावरून जास्त झाले. ती बाजू आपल्याकडे कमी सांगितली जाते, म्हणून हा लेख.

जेआरडींचा जन्म २९ जुलै १९०४ चा, पॅरिसमधला. वडील आर. डी. टाटा हे जमशेटजींच्या नात्यातले आणि त्यांच्या उद्योगातले भागीदार. आई सुझान ब्रिएर फ्रेंच. उत्तर फ्रान्सच्या किनाऱ्यावर आर्देलो नावाच्या गावी हे कुटुंब सुट्टीला जायचं. तिथेच लुई ब्लेरिओचं घर होतं. १९०९ साली इंग्लिश खाडी विमानाने पहिल्यांदा ओलांडणारा तोच हा ब्लेरिओ. आता असा शेजार मिळाल्यावर मुलाला दुसरं काय वेड लागणार! पंधराव्या वर्षी विमानातून एक फेरी मारून झाली आणि वैमानिक व्हायचं तिथेच ठरलं.

पण ठरलं तरी लगेच झालं नाही. वर्षभर फ्रेंच सैन्यात नोकरी, मग १९२५ च्या अखेरीस टाटांच्या मुंबईच्या कचेरीत बिनपगारी उमेदवारी. पुढच्याच वर्षी वडील वारले आणि बाविसाव्या वर्षी घराची जबाबदारी अंगावर आली. १९२९ साली त्यांनी फ्रेंच नागरिकत्व सोडलं. त्याच वर्षी १० फेब्रुवारीला भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना त्यांना मिळाला, त्यावर क्रमांक १ होता. पुढच्या वर्षी इंग्लंड ते भारत एकट्याने विमान नेण्याची आगाखान स्पर्धा होती. जेआरडी उलट्या दिशेने, भारतातून निघाले होते. वाटेत इजिप्तमध्ये त्यांना त्यांचा प्रतिस्पर्धी आस्पी इंजिनीअर भेटला. स्पार्क प्लग नसल्यामुळे तो अडकून पडला होता. जेआरडींनी आपल्याजवळचे जादा प्लग त्याला दिले, तो पुढे गेला आणि स्पर्धा त्यानेच जिंकली. हेच आस्पी इंजिनीअर पुढे भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले.

टपालाची योजना मुळात जेआरडींची नव्हती. ती होती नेव्हिल व्हिन्सेंट ह्या ब्रिटिश हवाई दलातल्या माजी वैमानिकाची. लंडनहून इम्पीरियल एअरवेजचं टपाल कराचीपर्यंत विमानाने यायचं आणि तिथून पुढे आगगाडीने. व्हिन्सेंटचं म्हणणं, कराची ते मद्रास आपण विमानाने नेऊ. सर दोराबजी टाटांचं मन त्यात नव्हतं, पण जॉन पीटरसन ह्या ज्येष्ठ सहकाऱ्याने त्यांना राजी केलं. दोन लाखांचं भांडवल मंजूर झालं. सरकारने अनुदान द्यायला नकार दिला आणि नुसत्या परवानगीच्या घोळात तीन वर्षं गेली. तोवर दोराबजीच गेले. ३ जून १९३२ रोजी, इथल्याच बाड किसिंगेनमध्ये. येनाहून गाडीने दोन-अडीच तासांवर असलेलं हे गाव आपल्यापैकी कित्येकांनी पाहिलं असेल, पण दोराबजी तिथे वारले हे फार थोड्यांना माहीत असतं.

तर ते पहिलं उड्डाण. विमान पस मॉथ, एका इंजिनाचं. कराचीहून अहमदाबाद, तिथे इंधन. ते इंधन डब्यांतून आणि बैलगाडीतून आलेलं होतं! मग जुहू. जुहूहून व्हिन्सेंट ते टपाल घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासला गेले. जुहूचं विमानतळ म्हणजे खाजणाला लागून असलेलं एक मैदान. पावसाळ्यात ते पाण्याखाली जायचं, मग सगळा बाडबिस्तरा पुण्याला हलवायचा. दिवे नाहीत, रेडिओ नाही, हवामानाचा म्हणावा तसा अंदाज नाही. पहिल्या वर्षी एकूण १,६०,००० मैल उड्डाण झालं, १५५ प्रवासी नेले, १० टनांच्या आसपास टपाल नेलं आणि साठ हजार रुपये नफा झाला. टपाल वेळेवर पोचवण्याबद्दल सरकारी नागरी विमान खात्याने आपल्या अहवालात ह्या छोट्या कंपनीची पाठ थोपटली. सह्याद्रीवरच्या मुसळधार पावसातून, एका इंजिनावर, वेळापत्रक सांभाळून!

ह्यात धाडस होतंच, पण मला वाटतं धाडसापेक्षा महत्त्वाचं होतं ते वेळापत्रक. एखादं उड्डाण धाडसाने करता येतं. दर आठवड्याला तेच उड्डाण त्याच वेळेला करायचं, तर शिस्त लागते, देखभाल लागते आणि हवामान अगदीच वाईट असेल तर न उडण्याचा शहाणपणा लागतो. एव्हिएशनच्या धंद्यात पहिला नंबर कशाला द्यायचा, ह्याचं जेआरडींचं गणित बहुधा ह्याच काळात पक्कं झालं.

१९३८ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, ते टाटा सन्सचे अध्यक्ष झाले. पोलाद, वीज, रसायनं असा सगळा पसारा अंगावर असताना जीव मात्र विमानात. १९४२ मध्ये व्हिन्सेंट इंग्लंडहून परतताना विमानासकट नाहीसे झाले. १९४६ मध्ये टाटा एअरलाइन्सची एअर इंडिया झाली. ८ जून १९४८ रोजी मलबार प्रिन्सेस हे कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघालं. देश स्वतंत्र होऊन वर्षही झालं नव्हतं. ह्या परदेशी सेवेच्या कंपनीत सरकारचा ४९ टक्के वाटा होता.

आता नागपूर. विदर्भातल्या वाचकांनी जरा सरसावून बसावं.

युद्ध संपल्यावर अमेरिकन सैन्याने मागे ठेवलेली डाकोटा विमानं भारतात स्वस्तात विकली गेली. ज्याच्याकडे थोडे पैसे, त्याने विमान कंपनी काढली. सरकारने परवानेही भराभर दिले. विमानं वाढली, प्रवासी तेवढेच, आणि बहुतेक कंपन्या तोट्यात जाऊ लागल्या. अशात दळणवळण मंत्री रफी अहमद किडवाई ह्यांनी रात्रीच्या टपालाची कल्पना पुढे आणली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ह्या चारही शहरांतून रात्री एकेक विमान निघेल, मध्यरात्री चारही नागपूरला उतरतील, पिशव्यांची अदलाबदल होईल आणि सकाळी प्रत्येक विमान आपापल्या गावी परत. संध्याकाळी मुंबईत टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात! कल्पना झकास होती, ह्यात वाद नाही.

जेआरडींनी विरोध केला. त्यांचा मुद्दा असा की रात्री उतरायला लागणारे दिवे, रेडिओची साधनं आणि वाटेतली आणीबाणीची मैदानं आपल्याकडे पुरेशी नाहीत. शिवाय आधीच डबघाईला आलेल्या कंपन्यांना हा धंदा परवडणार नाही. म्हणजे आधी जमिनीवरची तयारी करा, मग रात्रीची विमानं उडवा. किडवाईंना हे अडवणुकीचं वाटलं. वर्तमानपत्रांतून दोघांची चांगलीच जुंपली. ३० जानेवारी १९४९ ला सेवा सुरू झाली, ती एका छोट्या कंपनीला हाताशी धरून.

कोण बरोबर ठरलं? सरळ उत्तर नाही. रात्रीचं टपाल चाललं, लोकांना आवडलं आणि पुढे बरीच वर्षं टिकलं. सोनेगावच्या विमानतळावर मध्यरात्री चार दिशांची विमानं जमायची, प्रवाशांसाठी चहापाणी व्हायचं, पाऊण-एक तासात सगळी पुन्हा चार दिशांना. अमेरिकेतल्या कुरिअर कंपन्यांनी एका मध्यवर्ती गावात रात्री विमानं गोळा करायची पद्धत आणली, तिचं केवढं कौतुक झालं. आपल्याकडे ती त्याच्या कितीतरी आधी नागपूरला चालू होती. तेव्हा किडवाईंचं स्वप्न खोटं नव्हतं. पण १२ डिसेंबर १९५३ च्या रात्री नागपूरहून उडालेलं टपालाचं एक डाकोटा लगेच कोसळलं आणि १३ जण गेले. एका अपघातावरून सगळी योजना चुकीची म्हणता येत नाही, हेही खरं. माझं मत विचाराल तर मी जेआरडींच्या बाजूचा. स्वप्न मंत्र्याचं असतं, पण अंधारात उतरायचं असतं वैमानिकाला.

कंपन्यांची दुर्दशा बघून सरकारने १९५० साली चौकशी समिती नेमली. अध्यक्ष आपले मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती राजाध्यक्ष. कंपन्या गरजेपेक्षा जास्त झाल्या आहेत, त्या एकत्र करून थोड्या आणि बळकट कराव्यात, असा समितीचा कल होता. राष्ट्रीयीकरणाची घाई तिला पसंत नव्हती. झालं उलटंच. १९५३ मध्ये कायदा झाला आणि १ ऑगस्टपासून सगळ्या कंपन्या सरकारच्या. देशातल्या उड्डाणांसाठी इंडियन एअरलाइन्स, परदेशासाठी एअर इंडिया. जेआरडींना हे फार लागलं. नेहरू त्यांचे जुने स्नेही, पण निर्णय होईपर्यंत आपल्याला खऱ्या अर्थाने विश्वासात घेतलं नाही, हे शल्य राहिलं. तरीही सरकारने एअर इंडियाचं अध्यक्षपद देऊ केलं तेव्हा त्यांनी ते घेतलं. पगार न घेता, आणि पुढची पंचवीस वर्षं.

ह्या पंचवीस वर्षांतल्या गोष्टी आपण सगळ्यांनी ऐकल्या आहेत. स्वतः प्रवास करताना ते वही घेऊन बसायचे. चहा आणि कॉफीचा रंग सारखाच का दिसतो, खुर्ची किती मागे जाते, काउंटरवर धूळ का, अशा नोंदी, आणि उतरल्यावर त्या त्या साहेबाला चिठ्ठी. १९६० मध्ये बोइंग ७०७ आलं, १९६२ पर्यंत पंख्याची विमानं जाऊन सगळा ताफा जेटचा झाला, १९७१ मध्ये जम्बो. १९५८ मध्ये जगभरातल्या विमान कंपन्यांच्या संघटनेचं, आयाटाचं, अध्यक्षपद भारताकडे आलं, ते जेआरडींच्या रूपाने.

पण ह्याच काळात दोन घाव आल्प्समध्ये बसले. ३ नोव्हेंबर १९५० ला ती पहिली मलबार प्रिन्सेस माँ ब्लांवर आदळली, ४८ जण गेले, त्यात बरेचसे खलाशी. आणि २४ जानेवारी १९६६ ला, जवळजवळ त्याच ठिकाणी, कांचनजंगा हे ७०७. त्यात ११७ जण होते आणि त्यातले एक डॉ. होमी भाभा. भाभा म्हणजे जेआरडींचे जिवलग, मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था दोघांच्या विचारातून १९४५ साली उभी राहिलेली.

भाभांच्या मृत्यूभोवती घातपाताच्या कितीतरी कथा फिरतात, दर दोन वर्षांनी ई-मेलमधून आपल्यालाही येतात. फ्रेंच चौकशीतून जे निघालं ते त्यापेक्षा साधं आणि म्हणूनच जास्त अस्वस्थ करणारं आहे. विमानातलं दिशा दाखवणारं एक रेडिओयंत्र बिघडलं होतं. आपण माँ ब्लांच्या पुढे आलो आहोत असं वैमानिकाला वाटत होतं. जिनिव्हाच्या रडारवरच्या नियंत्रकाला चूक दिसली, त्याने डोंगर अजून पुढे आहे अशा अर्थाचं सांगितलंही. पण ते इतक्या मोघम शब्दांत की वैमानिकाला आपलंच बरोबर असल्यासारखं वाटलं आणि त्याने खाली यायला सुरुवात केली. विमान चांगलं, वैमानिक अनुभवी, रडार चालू. चुकलं एक वाक्य. आज नियंत्रक आणि वैमानिक ठरलेल्या शब्दांतच बोलतात, ऐकलेली सूचना वैमानिकाने परत म्हणून दाखवायची असते, ह्या सगळ्या रीती अशाच अपघातांतून घट्ट होत गेल्या.

१ जानेवारी १९७८. सांताक्रूझहून रात्री उडालेलं एम्परर अशोक हे जम्बो दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोर समुद्रात पडलं. २१३ जण. कॅप्टनसमोरचं, विमान कुठल्या बाजूला कललंय ते दाखवणारं यंत्र चुकलं होतं आणि बाहेर काळोख. ह्यानंतर महिनाभरात मोरारजी देसाईंच्या सरकारने जेआरडींना अध्यक्षपदावरून काढलं. त्यांच्या जागी निवृत्त एअर चीफ मार्शल पी. सी. लाल आले. जेआरडींना ही बातमी लालांच्याच तोंडून कळली, सरकारी पत्र नंतर आलं. ज्याने एक पैसा न घेता पंचवीस वर्षं चालवली, त्याला निरोपाचं साधं बोलणंही नाही. कारणं काहीही असोत, ही रीत नव्हे. १९८० मध्ये इंदिराबाईंनी त्यांना संचालक मंडळावर परत घेतलं, पण अध्यक्षपद गेलं ते गेलंच.

१५ ऑक्टोबर १९८२ ला पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षं झाली. जेआरडी ७८ वर्षांचे. कराची, अहमदाबाद, मुंबई असा तोच रस्ता त्यांनी लेपर्ड मॉथ ह्या जुन्या विमानातून पुन्हा केला आणि जुहूला उतरले. तरुण पिढीचा हुरूप जागा व्हावा एवढीच इच्छा त्यामागे होती. १९९२ मध्ये भारतरत्न मिळालं. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी ते जिनिव्हात वारले.

त्यानंतर तीन वर्षांनी, १२ नोव्हेंबर १९९६ ला, दिवाळीच्याच दिवसांत, दिल्लीजवळ चरखी दादरीच्या आकाशात सौदी जम्बो आणि कझाक विमान समोरासमोर धडकलं. ३४९ मृत्यू. कझाक विमान ठरवून दिलेल्या उंचीच्या खाली आलं होतं, त्यांना इंग्रजी सूचना नीट कळल्या नव्हत्या. पण दिल्लीच्या नियंत्रकाला ते दिसतही नव्हतं, कारण त्याच्या जुन्या रडारवर विमान कुठे आहे तेवढं कळायचं, किती उंचीवर आहे ते नाही. उंची दाखवणारं नवं रडार येऊन पडलं होतं, चालू व्हायचं होतं! येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांना वाटही एकच. नागपूरच्या दिव्यांवरून झालेल्या भांडणाला तेव्हा सत्तेचाळीस वर्षं झाली होती.

मग मात्र कामं झाली. दिल्लीत वाटा वेगळ्या केल्या, समोरून विमान आलं तर आपोआप इशारा देणारं यंत्र भारतात सक्तीचं झालं. नुसतं यंत्र बसवून भागत नाही, हे जुलै २००२ मध्ये इकडे बोडनसेजवळ युबरलिंगनला दिसलं. यंत्र वर जा म्हणतंय, एकटाच ड्यूटीवर असलेला झ्युरिकचा नियंत्रक खाली या म्हणतोय, रशियन वैमानिकाने नियंत्रकाचं ऐकलं आणि ७१ जण गेले, त्यात निम्म्याहून जास्त शाळकरी मुलं. तेव्हापासून जगभर पक्का नियम आहे की अशा वेळी यंत्राचं ऐकायचं. २०१५ मध्ये इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाच्या गगन प्रणालीचं उद्घाटन झालं, म्हणजे उपग्रहावरून विमानाला आपली जागा अचूक कळते.

जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया पुन्हा टाटांकडे आली. शेकडो नव्या विमानांच्या ऑर्डरी, नवे रंग, नवे गणवेश. आणि १२ जून २०२५ ला अहमदाबादहून लंडनला निघालेलं ड्रीमलायनर उडाल्याउडाल्या कोसळलं, जमिनीवरचे धरून २६० जण गेले. बैलगाडीतून इंधन आलं होतं, ते हेच अहमदाबाद.

जेआरडींना पॅरिसमध्ये पेर लाशेज दफनभूमीत, त्यांच्या वडिलांच्या शेजारी ठेवलंय. आपण लोक तिथे जातो ते शोपँची कबर बघायला. पुढच्या वेळी गेलात तर फाटकावरचा नकाशा घेऊन टाटांचं नाव शोधा. चालायचे बूट घाला मात्र, चढ बराच आहे.